कारणासाठी एकच रकाना

तरणतलावाच्या पंपघरात एकोणीस वर्षं काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे मामा म्हणत. हे नाव त्याच्या भाचीमुळे पडलं होतं. त्याची धाकटी बहीण त्याच तलावावर पोहायला शिकवायची, आणि तिची मुलगी लहान असताना पंपघराच्या दारात उभी राहून ओरडायची, "मामा, पाणी गार आहे!" तिचं ऐकून बाकीची पोरं त्याला मामा म्हणू लागली, मग त्यांचे आईबाप, आणि शेवटी मॅनेजरसुद्धा. बहिणीला तलावावर शिट्टीबाई म्हणत. तिची शिट्टी रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात ऐकू जाते अशी तक्रार दोनदा लेखी आली होती. घरी मात्र ती छोटी. सेहेचाळीसावं वर्ष लागलं, केस पिकले, तरी भावाच्या तोंडी छोटीच.

पंपघर तलावाच्या पोटात होतं, नऊ पायऱ्या उतरून. तलावाचं पाणी तळाच्या जाळीतून खाली यायचं, मोठ्या पंपातून वाळूच्या तीन फिल्टरांत जायचं आणि गाळून परत वर. या परतीच्या पाइपात दोन बारीक नळ्या शिरत होत्या. एकीतून क्लोरीनचं द्रावण थेंबथेंब पडायचं, दुसरीतून ॲसिड. वाहत्या पाण्यात दोन्ही पडली की विरून जातात, काही होत नाही. पाणी थांबलेलं असताना ती एकमेकांना भेटली तर मात्र विषारी वायू तयार होतो. हे मामाला कामाला लागला त्याच दिवशी सांगितलं होतं, आणि वर हेही सांगितलं होतं की त्याची काळजी तुम्ही करायची नाही, ती यंत्र करतं. मोठा पंप थांबला की औषधाचे दोन्ही छोटे पंप आपोआप थांबतात. एक नव्हे, दोन-दोन सोयी केल्यात. अठरा वर्षं आणि काही महिने यंत्राने ती काळजी चोख घेतलीही.

त्या बुधवारी सकाळी साठीपुढच्या बायकांचा वर्ग चालू होता. चौदा जणी छातीभर पाण्यात उभ्या राहून हातपाय हलवत होत्या. मामा त्या वेळी पंपघरात नव्हता. पोरांच्या उथळ तलावाजवळची एक जाळी निखळली होती, आदल्या दिवशी एका मुलाचं बोट तिच्यात कापलं होतं, आणि मॅनेजरने येता येताच बजावलं होतं की मामा, बाकी सगळं राहू द्या, आधी ती जाळी. तो गुडघ्यावर बसून जाळीचे स्क्रू आवळत होता. मध्येच दिवे एकदा लुकलुकले. डोळ्याची पापणी लवावी तेवढंच. त्याने मान वर करून पाहिलं, दिवे जळत होते, तो पुन्हा स्क्रूकडे वळला.

पाणी थांबल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते टेलिफोनवाल्या आजींच्या. या बाई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, आणि काही वाजायचं बंद झालं की त्यांना लगेच कळायचं. भिंतीतून पाण्याचा झोत येतो तिथे त्या नेहमी पाठ लावून उभ्या राहत, कमरेला बरं वाटतं म्हणून. "शिट्टीबाई, हे मेलंय हो," त्या म्हणाल्या. "बराच वेळ झाला."

छोटीने काठावर येऊन हाक मारली, "दादा, झोत बंद आहे. बघ ना जरा. बायका गारठल्यात."

"ही जाळी झाली की जातो."

"अरे, आत्ता जा. जाळी कुठे पळून चाललीय?"

मामा उठला. खाली गेला. मोठ्या पंपाच्या नव्या पॅनेलवर लाल दिवा होता आणि छोट्या पडद्यावर 'व्होल्टेज कमी' असं आलं होतं. पॅनेलच्या दारावर कंपनीने चिकटवलेला कागद होता: आधी व्होल्टेज बघा, मग रिसेट दाबा, मग हिरवं बटण. त्याने व्होल्टेज बघितलं, ठीक होतं. रिसेट दाबलं. हिरवं बटण दाबलं. पंप हलक्या आवाजात फिरू लागला, मग जोरात. तो पायऱ्या चढून वर येणार तोच वरून खोकल्याचा आवाज आला. एकीचा, मग तिघीचौघींचा, मग मोजता येणार नाही असा. आणि त्या पाठोपाठ वास.

तो वास मामा ओळखत होता, पण बाटलीच्या तोंडाशी येतो तेवढाच. तो उलटा धावला, पंप बंद केला, आणि नऊ पायऱ्या कशा चढला हे त्याला नंतर आठवेना. झोताच्या तोंडाशी पाणी पिवळट हिरवं होऊन खदखदत होतं. बायका एकमेकींना धरून शिडीकडे लोटत होत्या. छोटी पाण्यात होती, एकेकीला मागून ढकलत होती, आणि तिच्या तोंडात शिट्टी असूनही ती वाजत नव्हती. मामाने कपड्यांसकट उडी मारली. टेलिफोनवाल्या आजी झोताच्या सगळ्यात जवळ होत्या. त्यांना त्याने काखेत धरून काठावर काढलं, तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. छोटी सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली.

कोणी गेलं नाही. ही गोष्ट पुढे प्रत्येक कागदावर पहिल्या ओळीत लिहिली गेली, जणू तेही कोणाचं तरी कर्तृत्व होतं. अकरा जणींना दवाखान्यात नेलं, नऊ जणी संध्याकाळी घरी परतल्या. टेलिफोनवाल्या आजी पाच दिवस ऑक्सिजनवर होत्या. छोटी तीन दिवस. तिच्या घशाला आणि छातीला जे व्हायचं ते झालं होतं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक भरून येईल, पण आवाजाचं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मामा तिच्या खाटेशी बसला होता. तिने मास्क बाजूला केला.

"दादा, तू काय केलंस रे?"

"बटण दाबलं."

"कुठलं चुकीचं बटण दाबलंस?"

"चुकीचं नव्हतं. तेच बटण होतं."

तिने मास्क पुन्हा लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. मामाला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. त्याहून वाईट म्हणजे, तिला काय सांगायचं ते त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

तो तसाच उठून तलावावर गेला. वायरमनला बोलावून घेतलं, आणि दोघांनी मिळून दिवसभर पंपघर उघडून बघितलं. वायरमन चांगला माणूस होता, कामाला पक्का. आपल्याकडे काही येऊ नये म्हणून हात झटकणाऱ्यांतला नव्हता. म्हणूनच जे सापडत गेलं त्याने दोघांचीही तोंडं उतरत गेली.

पहिली सोय होती पाइपातलं पातं. पाणी वाहत असलं की ते वाकतं, थांबलं की सरळ होतं आणि औषधाचे पंप बंद करतं. पात्यावर चुन्याचा थर बसून ते वाकलेलंच राहिलं होतं. दर सहा महिन्यांनी ते काढून साफ करायचं असतं आणि मामाने चारच महिन्यांपूर्वी केलं होतं. पण गेल्या वसंतात शहराचं पाणी दुसऱ्या धरणातून येऊ लागलं. हे पाणी जड होतं, चुना दुप्पट वेगाने धरत होतं. पाणी बदलल्याचं पत्र मॅनेजरच्या टेबलावर आलं होतं. त्यात लिहिलं होतं की पिण्याच्या दृष्टीने काळजीचं कारण नाही.

दुसरी सोय अशी की औषधाच्या पंपांची वीज मोठ्या पंपाच्या स्विचमधूनच यायची. मोठा बंद, तर छोटे आपोआप मेले. पण महिन्यापूर्वी वीज वाचवणारं नवं पॅनेल बसवलं होतं, आणि त्यातून निघणारी वीज छोट्या पंपांना सोसत नव्हती, दोनदा त्यांची कार्डं जळाली. तेव्हा कंपनीच्या नकाशाबरहुकूम वायरमनने त्यांना भिंतीतून वेगळी वीज दिली. पातं आहे ना, म्हणजे धोका नाही, असं नकाशावर छापलेलं होतं. वायरमनने नोंद करून कागद पॅनेलच्या आत चिकटवलाही होता. आत, म्हणजे जिथे दार उघडल्याशिवाय कोणाला दिसत नाही तिथे. पाणी वाहतंय की नाही हे दाखवणारा हिरवा दिवाही नव्या पॅनेलमध्ये आतच गेला होता.

तिसरं सगळ्यात चीड आणणारं. पाण्यात क्लोरीन किती आहे हे मोजणारा एक डोळा असतो. पाणी थांबलं तसं त्या डोळ्यापुढचं पाणी शिळं झालं, त्यातलं क्लोरीन उडालं, आणि यंत्राला वाटलं की तलावात औषध संपलंय. म्हणून त्याने दोन्ही पंप पूर्ण जोरात सोडले. बावीस मिनिटं. थांबलेल्या पाइपात, आणि पंप सुरू होताच ते सगळं झोतातून बाहेर आलं.

"म्हणजे ते जितकं काळजीने काम करत होतं," वायरमन म्हणाला, "तितकंच जास्त विष घालत होतं."

"आणि धोक्याची घंटा?" मामाने स्वतःलाच विचारलं. घंटा होती. पण ती वर्षभर उगाचच वाजायची. 'लांडगा आला रे आला' इतक्या वेळा झालं की वरच्या खोलीत बसणाऱ्यांनी तक्रार केली, आणि मॅनेजरने कंपनीकडून घंटा बंद करवून तिचा निरोप मोबाइलवर येईल अशी सोय करून घेतली. निरोप आला होता. मामाचा मोबाइल पाण्यापासून वाचवायला डब्याच्या पिशवीत ठेवलेला. त्याने उघडून बघितलं तर तलावाच्या गटात त्या सकाळी चौतीस निरोप होते. कोणाचा तरी वाढदिवस होता. फुलांच्या आणि केकच्या चित्रांच्या मधोमध एक ओळ होती: औषधाचा वेळ मर्यादेबाहेर.

मामा पिंपावर बसला. त्याला वाटलं होतं, एखादा नालायक सापडेल. निदान आपण तरी सापडू. पण जो तो आपापलं काम नीट करत आला होता, आणि नीट केलेल्या त्या सगळ्या कामांची एका बुधवारी गाठ पडली होती. कोणावर ओरडावं? त्याने रागाच्या भरात पाण्याच्या पाइपावर लाथ मारली. पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. पाइपाला काही झालं नाही.

चौकशीला आलेल्या मॅडम तिशीपस्तिशीच्या असतील. मामाला वाटलं होतं, एखादा चष्मेवाला साहेब येईल, खुर्चीत बसेल, जाईल. या बाई नऊ पायऱ्या उतरल्या, पॅनेल उघडायला लावलं, चुना धरलेलं पातं हातात घेऊन नखाने खरवडून बघितलं. मामाने वहीच्या मधल्या पानांवर सगळं काढून ठेवलं होतं, पाइप, पातं, डोळा, घंटा, आणि कोणापासून कोणाकडे बाण जातो ते. मॅडमनी ते दहा मिनिटं बघितलं.

"तुम्ही बरोबर काढलंय," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा असंच काढलं असतं."

मामाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला.

"इथे एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "मूळ कारण, असा एक रकाना आहे. त्यात एकच लिहायचं असतं. संगणक एकाहून जास्त घेत नाही."

"मग ही वहीची पानं जोडा ना."

"जोडीन. परिशिष्ट म्हणून. पण वर जो वाचतो तो रकाना वाचतो."

"मॅडम, तुम्हीच सांगा, यातलं एक कुठलं लिहाल? चुना लिहाल? वाढदिवस लिहाल?"

त्या हसल्या नाहीत. "यादी दिलेली असते," त्या म्हणाल्या. "यंत्राचा दोष, देखभालीचा दोष, किंवा माणसाची चूक. पातं तुम्ही वेळेवर साफ केलं होतं, म्हणून देखभाल नाही. यंत्राचा प्रत्येक भाग स्वतःपुरता ठीक चालत होता, म्हणून यंत्र नाही."

"म्हणून उरला माणूस."

"बटण शेवटी तुम्ही दाबलंत, एवढं तर खरं ना?"

"मला दाबायला सांगणारा कागद तुमच्या मागे दारावर आहे. वाचा."

त्यांनी वळून वाचला. पुन्हा वाचला. मग कपाळ चोळलं, आणि मामाला दिसलं की त्याही चिडल्या आहेत, पण तो राग घालायला त्यांच्याही फॉर्मात जागा नाही.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. 'चालकाने पाइपाची स्थिती न तपासता घाईने पंप सुरू केला.' मामाला लेखी ताकीद मिळाली. मॅनेजरने पत्र हातात देताना खांद्यावर हात ठेवला. "मामा, मनाला लावून घेऊ नका. कागदाचं काम आहे. नोकरीला धक्का नाही."

"मग चूक माझी असं तुम्हाला वाटतं का?"

"छे हो."

"मग सही तुमची कशी आहे याच्यावर?"

मॅनेजरने हात काढून घेतला.

त्या रविवारी मामा छोटीकडे गेला. ती घरी आली होती, खिडकीशी बसून गरम पाणी पीत होती. आवाज घोगरा झाला होता, चार वाक्यं बोलली की खोकला यायचा. मामाने पत्र तिच्यापुढे ठेवलं आणि मग वही उघडून सुरुवातीपासून समजावू लागला. पातं, पाणी, धरण. ती मध्यापर्यंत ऐकत राहिली.

"दादा, पुरे. मला एवढंच सांग. तुझी चूक होती की नव्हती?"

"तेच सांगतोय ना. ऐक, तो डोळा असतो—"

"हो की नाही?"

"असं हो-नाहीत सांगता येत नाही, छोटे."

"का नाही? माझ्या छातीत आग होते ना, ती हो किंवा नाही अशीच होते. अर्धी होत नाही." तिला खोकला आला. ती वाकली, मामा उठला, तिने हाताने त्याला मागे सारलं. "तुझी असती तर मी भांडले असते आणि माफ केलं असतं. नसती तर दुसऱ्या कोणाला तरी शिव्या दिल्या असत्या. तू मला हे वहीचं जाळं दाखवतोस. मी कोणावर रागावू? चुन्यावर?"

"मीही तेच विचारतोय गं, तीन आठवडे!" मामाचाही आवाज चढला.

मग ती खाली बघत म्हणाली, "आणि तुला जा म्हणणारी मीच होते. तू जाळी संपवून जात होतास."

मामाला हे सुचलंच नव्हतं. त्याच्या वहीतल्या बाणांत तिचं नाव नव्हतं. ती गेले तीन आठवडे हेच उराशी धरून बसली होती हे आत्ता त्याच्या लक्षात आलं.

"अजून दहा मिनिटांनी गेलो असतो तर जास्त झालं असतं," तो म्हणाला. "औषध पडतच होतं. तू बोलावलंस म्हणून बावीस मिनिटांवर थांबलं."

"खरं सांगतोस की माझं मन राखतोस?"

"हिशोब करून दाखवतो." आणि त्याने खरोखरच वही पुढे ओढली. छोटीने डोक्याला हात लावला, पण या वेळी थांबवलं नाही.

तलाव उघडण्याआधी तलाव चालवणाऱ्या समितीची बैठक झाली. मामाने एकच सांगितलं. ॲसिडची नळीच काढून टाका. दुपारी तलाव रिकामा असतो तेव्हा पाणी तपासून, ॲसिड पातळ करून, तलावाचं पाणी उतरतं त्या खालच्या टाकीत मी हाताने घालीन. दोघांची गाठच पडली नाही तर कुठलं पातं अडकलं तरी बिघडणार नाही. पूर्वी असंच करायचे.

"पूर्वी!" समितीतले एक गृहस्थ म्हणाले. "अपघात झाला म्हणून आपण आता मागे जायचं?"

"मागे नाही हो. सोपं."

पण सोपं कोणाला पटलं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसा निर्णय झाला. एक नवीन पेटी घ्यायची. ती हवेतला वायू हुंगेल, आणि हुंगताक्षणी सगळे पंप बंद करील. शिवाय तिसरी सोय म्हणून आणखी एक पातं. मामाने विचारलं, या पेटीला वीज कुठून? पाणी मारून फरशी धुतली तर ती काय हुंगेल? हे सगळं कंपनी बघेल, असं उत्तर आलं.

तलाव उघडला, पेटी लागली. पहिल्या पंधरवड्यात तिने तलाव नऊ वेळा बंद पाडला. एकदा सफाईवाल्या बाईने फिनेल टाकलं म्हणून. एकदा दमट हवेने. एकदा कोणी अंगाला सुगंधी काहीतरी फवारून पायऱ्यांपाशी उभं राहिलं म्हणून. बाकी सहा वेळा कशामुळे, ते पेटीलाच ठाऊक. दर वेळी भोंगा, दर वेळी ओल्या अंगाची माणसं बाहेर, दर वेळी मामाकडे बघून एखादा खवचट खोकला. छोटी नुकतीच कामावर परतली होती, काठावर उभी राहून शिकवत होती. शिट्टी फुंकायला दम पुरत नव्हता म्हणून टाळ्या वाजवायची.

सोळाव्या दिवशी सकाळी पेटी दहाव्यांदा वाजली. दुसऱ्या दिवशी शाळांच्या शर्यती होत्या आणि सरावाला साठ पोरं येऊन दारात उभी होती. मॅनेजर स्वतः पायऱ्या उतरून आला.

"मामा, पेटी बायपासला टाका, पंप तिच्याशिवाय चालू दे. कंपनीचा माणूस येईपर्यंत."

"लिहून द्या."

"एवढ्याशा गोष्टीला लिहून काय द्यायचं? आपल्या दोघांत."

"मागच्या वेळी घंटा अशीच तोंडी बंद झाली होती."

मॅनेजरचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला खरंच वाटतं का आत्ता वायू आहे म्हणून?"

"नाही वाटत. पेटी खोटीच बोलते आहे, नव्व्याण्णव टक्के."

"मग?"

"त्या दिवशीही मला तसंच वाटलं होतं."

"व्हा बाजूला. मी दाबतो बटण."

दुरुस्तीच्या वेळी स्विचला लावायचं लाल कुलूप खिळ्याला लटकत होतं. मामाने ते काढलं, पॅनेलच्या मुठीला घातलं आणि किल्ली खिशात टाकली. एकोणीस वर्षांत त्याने कोणाचा हुकूम मोडला नव्हता. मॅनेजर पायऱ्या चढून वर गेला.

मामाही वर आला आणि दाराशी उभा राहिला. "आज तलाव बंद आहे," त्याने सांगितलं. पोरांनी एकच गलका केला. एक बाप पुढे आला. "म्हणजे परत तुम्हीच काहीतरी केलंत?" दुसरा म्हणाला, "ज्याच्यामुळे झालं त्यालाच अजून इथे कशाला ठेवलंय?"

तेव्हा छोटी आतून आली. तिने त्या दोघांकडे बघितलं. आवाज मोठा निघत नव्हता, म्हणून ती अगदी जवळ जाऊन बोलली, आणि त्यामुळे सगळ्यांना गप्प होऊन ऐकावं लागलं.

"मी होते त्या दिवशी पाण्यात. तुम्ही नव्हता. मुलांना घरी घेऊन जा."

लोक कुरकुरत पांगले. छोटी भावाशेजारी पायरीवर बसली. "माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"जाईल असंही नाही."

"बरं."

शर्यती दुसऱ्या तलावावर झाल्या. मामाला दुसरं पत्र मिळालं, या वेळी उद्धटपणाबद्दल. कंपनीचा माणूस सोळा दिवसांनी आला, तोवर तलाव बंदच होता. त्याने पेटी उघडली, नाक मुरडलं, ही जागाच चुकली म्हणाला, आणि ती दुरुस्तीला घेऊन गेला. ती येईपर्यंत तलाव कसा चालवायचा असा प्रश्न पडला. तेव्हा समितीने मोठा विचार करून ठरवलं की तात्पुरती सोय म्हणून ॲसिडची नळी बंद ठेवावी आणि चालकाने दुपारी हाताने ॲसिड घालावं. ठरावात ही सूचना मॅनेजरच्या नावावर होती.

मामाने ठराव वाचला आणि घडी करून खिशात टाकला. घरी जाऊन बायकोपुढे मात्र तासभर बडबडला. ताकीद फाइलीत तशीच राहिली. चौकशीच्या मॅडमना त्याने फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या की तुमची वहीची पानं मी जोडली आहेत, पान सतरा ते एकवीस, पण अजून कोणी मागितली नाहीत. "तीन तलावांना हेच पॅनेल आहे," त्या पुढे म्हणाल्या. "मी पत्रं लिहितेय. उत्तर येत नाही."

पेटी अजून परत आलेली नाही. मामा दुपारी चष्मा, हातमोजे घालून टाकीत ॲसिड घालतो आणि वेळ लिहून ठेवतो.

बुधवारचा वर्ग दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झाला. चौदांपैकी नऊ जणी आल्या. टेलिफोनवाल्या आजीही आल्या, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तरी, आणि झोतापासून लांब, दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या. पाण्यात उतरण्याआधी सगळ्या काठावर घोळका करून होत्या. छोटीने मामाला बोलावून घेतलं.

"दादा, यांना सांग. आता काही होणार नाही ना?"

नऊ जणी त्याच्याकडे बघत होत्या. हो म्हणणं किती सोपं होतं.

"मागच्या वेळी झालं ते होणार नाही," मामा म्हणाला. "दुसरं काही होणार नाही असं मी सांगू शकत नाही. मी खाली पंपाशीच आहे, तिथून हलणार नाही."

"हे काय उत्तर झालं?" एक जण म्हणाली.

"एवढंच आहे माझ्याकडे, ताई."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. चौघी कपडे बदलायला माघारी गेल्या. पाच जणी शिडी धरून एकेक पायरी पाण्यात उतरल्या. छोटीने टाळी वाजवली, एकदा, दोनदा, आणि काठावरूनच हात वर करून दाखवले. मामा खाली गेला.